दुसरी तपासणी

आमच्या कंपनीत नवीन माणूस रुजू झाला की आठवड्याभरात त्याला भिंगबाईची गोष्ट ऐकावी लागायची. सांगायचं काम माझ्याकडे. मी रेकॉर्डरूममध्ये बसतो, सगळे कागद माझ्या ताब्यात, त्यामुळे माझ्या तोंडून आलेलं लोकांना खरं वाटतं. सख्ख्या भावाची वीस पोती तिने कशी नापास केली, हे मी बारा वर्षं तिखटमीठ लावून सांगितलं. आता तीच गोष्ट तिखटमिठाशिवाय सांगतो, कारण तिचा शेवट बदलला आहे आणि त्यात माझाही थोडा हात आहे.

कंपनी मोठी नाही. वाळलेली मुळं, साली, पानं पोत्यांतून येतात. आम्ही ती तपासतो, दळतो, त्यांचा अर्क काढतो आणि गोळ्या-कॅप्सूल करणाऱ्यांना पाठवतो. पोत्यावर जे नाव लिहिलंय तेच पोत्यात आहे का, एवढं बघायचं काम भिंगबाईचं. ऐकायला सोपं वाटतं. ज्याने वाळलेल्या मुळांच्या दहा ढिगांपुढे उभं राहून पाहिलंय त्याला विचारा. सगळं तपकिरी, सगळ्याला मातीचा वास, आणि प्रत्येक व्यापारी लेकराबाळांची शपथ घ्यायला तयार.

तिच्या खोलीत उत्तरेकडच्या खिडकीखाली एक लांब टेबल होतं. त्यावर दोन सूक्ष्मदर्शक, एक चालू आणि एक त्याला सुटे भाग पुरवण्यासाठी ठेवलेला. एका खणात कागदात गुंडाळलेली दाढीची पाती, आणि रांगेने मांडलेल्या बशांत आदल्या दिवशी भिजत घातलेले मुळांचे तुकडे. बाई स्वतः बुटकी, ठसठशीत. चष्मा कपाळावर, गळ्यात दोरीला भिंग. एकदा तिने कॅन्टीनच्या चहाचा गाळ भिंगाखाली पसरून पाहिला आणि ह्यात पानांपेक्षा देठ जास्त आहेत, असं चारचौघांत जाहीर केलं. तेव्हापासून कॅन्टीनवाला तिला बघितलं की हातातलं काम टाकून उभा राहायचा. ती म्हणायची, नाव पोत्यावर असतं आणि मूळ पोत्यात असतं, दोघांची ओळख असेलच असं नाही.

ह्या मुळांतलं सगळ्यात नाठाळ मूळ म्हणजे कावा. नावावरून करण्यासारखे होते तेवढे विनोद आमच्याकडे पहिल्याच वर्षी करून संपले. मिरीच्या कुळातलं हे झुडूप दूरच्या बेटांवर वाढतं. तिथले लोक त्याचं मूळ कुटून पाण्यात कालवून पितात. जीभ बधिर होते, अंग सैल पडतं, माणूस निवांत होतो. त्यातली लबाडी अशी की मुळात खोडाची सालपटं मिसळतात. खोड स्वस्त पडतं, पण ते पोटात जाऊ नये. वाळल्यावर दोन्ही एकाच रंगाची दिसतात. भिंगबाई भिजलेला तुकडा पात्याने इतका पातळ कापायची की त्यातून खिडकी दिसावी. मुळाच्या कापात मधोमध निघून कडेपर्यंत जाणारे लाकडी धागे दिसतात, सायकलच्या चाकाच्या तारांसारखे, आणि त्यांच्या मधल्या जागेत पिष्टमय कण ठासून भरलेले असतात. खोडाची घडण वेगळी, आणि त्यावर पेरांच्या खुणा असतात. एका पोत्यातून मूठभर माल टेबलावर ओतून तिने बोटाने खोडाचे सात तुकडे बाजूला सारलेले मी पाहिलेत. आणणारा व्यापारी आठवा तुकडा निघायच्या आत पोतं उचलून गेला.

पण एक गोष्ट भिंगाला कळत नाही. काव्याच्या जाती दोन प्रकारच्या. एक रोज प्यायच्या, दुसऱ्याला व्यापारात ‘दोन दिवसांचा’ म्हणतात, कारण प्यायल्यावर दुसरा दिवसही जड डोक्याने आणि मळमळीत जातो. झाड एकच, मूळ सारखंच, काप सारखाच. फरक आतल्या रसायनांत. तो बघायला मुळाचा अर्क काचेच्या पट्टीवर थेंबभर लावतात, पट्टी एका द्रवात उभी करतात, द्रव वर चढत जातो आणि मागे रंगांचे पट्टे सोडतो. शेजारी खात्रीच्या नमुन्याचा थेंब असतो. दोन्हीचे पट्टे जुळले तर माल पास.

तो खात्रीचा नमुना एका तपकिरी बरणीत होता. बरणी भिंगबाईच्या कुलुपाच्या कपाटात, चिठ्ठीवर तिचंच अक्षर. एकोणीस वर्षांपूर्वी आमचा खरेदीवाला स्वतः बेटांवर जाऊन आला आणि येताना पाच किलो मूळ घेऊन आला. उत्तम रोजचा कावा, असं सोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं. भिंगबाईने तो तुकडा तुकडा तपासला. मूळच होतं, झाडही तेच होतं, खोडाचा एक कण नव्हता. जातीचं तेवढं तिने कागदावर विश्वासून घेतलं. दुसरं करणार काय? पहिला नमुना ताडून बघायला हातात आधीचा नमुना नसतो. तिने बरणी भरली, सही केली, आणि पुढे आलेला प्रत्येक कावा ह्या बरणीशी ताडला गेला.

आता भावाकडे येतो. तिचा मोठा भाऊ मुळांचा आणि सालींचा व्यापारी होता. आईवडील लवकर गेले, बहिणीला त्याने शिकवलं, कॉलेजच्या प्रयोगाच्या वहीतली चित्रं रात्री जागून तिच्याबरोबर काढली. झाडाच्या मुळाचा पहिला काप तिने त्याच्या दुकानातल्या मालाचा घेतला, असं तीच सांगायची. आमच्या कंपनीला मात्र तो काही विकत नसे. बहीण तपासायला बसते तिथे आपला माल नको, असं त्याचं म्हणणं. बारा वर्षांपूर्वी आमचा नेहमीचा काव्याचा व्यापारी अडला आणि खरेदीवाल्याने भावाचे पाय धरले. भावाने बेटांवर आपला माणूस धाडून, त्याला शेतावर उभं करून काढवलेली वीस पोती आणली. त्याच्या दुकानाचा सगळा जीव त्या पोत्यांत होता.

भिंगाखाली माल नावाजण्यासारखा होता. खोड नाही, माती नाही, बुरशी नाही. मग पट्टी उभी केली, तर पट्टे बरणीशी जुळेनात. भिंगबाईने ‘नमुन्याशी जुळत नाही, नापास’ असा शेरा लिहिला.

आमच्याकडे नियम आहे. नापास झालेला माल ज्याचा असेल त्याने अर्ज केला तर दुसरी तपासणी होते, आणि ती बाहेरच्या प्रयोगशाळेत, तिथल्या नमुन्याशी ताडून. अर्जावर फक्त तपासनिसाची सही लागते. भिंगबाई ती कुणाचीच अडवत नसे. तो सात तुकड्यांचा व्यापारी परत आला असता तर त्यालाही तिने सही दिली असती. भावाने रीतसर अर्ज केला. तिने त्यावर ‘आवश्यकता नाही’ एवढंच लिहिलं आणि अर्ज दुपारच्या टपालातून परत धाडला.

गोष्ट सांगताना मी नेहमी इथे थांबायचो. त्या अर्जाची आमच्याकडे राहिलेली प्रत काढून दाखवायचो, ते दोन शब्द वाचायचो. नवीन पोरं एकमेकांकडे बघायची. मग मी कपाटातून एक सीलबंद पाकीट काढायचो. नापास मालातला मूठभर नमुना तीन वर्षं राखून ठेवतात आणि मग फेकतात. हे पाकीट मी फेकलं नव्हतं. ह्यात भावाचं मूळ आहे, असं म्हणून मी ते हातोहात फिरवायचो. कंपनीने तिला त्या वर्षी शाल आणि ढाल दिली, साहेबांनी भाषणात डोळे पुसले, आणि गिऱ्हाईकांना माहिती देणाऱ्या पुस्तिकेत तिच्यावर अर्धं पान आलं.

गोष्टीत मी जे सांगत नव्हतो ते असं. बाजारात बातमी एका दिवसात पसरली. परक्याने नापास केलं असतं तर भावाने पोती दुसरीकडे विकली असती. सख्ख्या बहिणीने परत पाठवलेला माल कोण घेणार? तिला घरातलं काहीतरी माहीत असणार, असं लोक म्हणाले. काव्यापाठोपाठ त्याच्या बाकीच्या मालालाही गिऱ्हाईक मिळेना. वर्षभरात दुकानाला कुलूप लागलं. भाऊ एका मोठ्या व्यापाऱ्याच्या गोदामात पोती मोजून घ्यायच्या कामाला लागला. बहीणभावाचं बोलणं थांबलं. भांडण असं झालंच नाही. तिला वाटलं तो बोलेल, त्याला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. त्याच्या लेकीच्या लग्नाची पत्रिका तिला पोस्टाने आली, तीही लग्न होऊन गेल्यावर. त्या दिवशी ती जेवायला उठली नाही. डबा मी तिच्या टेबलावर नेऊन ठेवला, तर बशीतला काप वाळतोय, जरा पाणी घाला, म्हणाली.

यंदा तिच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. एका नव्या गिऱ्हाईकाने पत्र धाडलं की तुमच्या काव्याची पट्टीची तपासणी आम्हाला पुरत नाही, ॲसिटोनची चाचणीही करून कळवा. ॲसिटोन म्हणजे नेलपॉलिश पुसायला वापरतात तेच. त्यात मुळाची पूड टाकून हलवायची आणि निवळू द्यायची. रोजचा कावा असेल तर वरचं पाणी पिवळं दिसतं, दोन दिवसांचा असेल तर नारिंगी, लालसर. भिंगबाईला हे पत्र पोरखेळ वाटलं. तरी तिने गोदामातल्या मालाची पूड एका नळीत घातली आणि सवयीप्रमाणे शेजारच्या नळीत बरणीतली.

दोन्ही नळ्या नारिंगी झाल्या.

तिने नळ्या बदलल्या, ॲसिटोनची नवी बाटली फोडली, पूड पुन्हा केली. तिन्ही खेपांना तेच झालं. मग ती माझ्याकडे आली. तिला माझ्या खोलीत यायची गरज कधी पडत नसे, कागद मीच पोचवायचो. तिने ते पाकीट मागितलं. मी म्हटलं, बाई, ते तर नियमाने नऊ वर्षांपूर्वीच फेकायला हवं होतं. ती म्हणाली की तुम्ही फेकलेलं नाही हे सगळ्या कंपनीला ठाऊक आहे.

तिच्या टेबलाशी मी उभा होतो. पाकिटाचं सील तिने माझ्यासमोर तोडलं, मूळ खलात कुटलं, पूड नळीत टाकून हलवली आणि नळी खिडकीशी उभी केली. पूड खाली बसायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात तिने सगळी पाती पुसून खणात ठेवली. मग नळी उचलून पाहिली. पाणी पिवळं होतं, हळदीच्या पाण्यासारखं स्वच्छ पिवळं. तिने नळी माझ्या हातात दिली, जणू मला रंग कळत नाहीत आणि नीट बघायला हवं. बारा वर्षं ज्या पाकिटावर मी फुशारकी मारली, त्यातला माल खरा होता, आणि खोटी होती ती बरणी.

म्हणजे एकोणीस वर्षं आम्ही दोन दिवसांचा कावा पास करत होतो. नेहमीचा व्यापारी एकच, त्याचा माल बरणीशी चोख जुळायचा, कारण तो बेटांवरच्या ज्या गावातून माल आणायचा, बरणीतला मालही मुळात तिथलाच. खोड निघालं तर नापास व्हायचा, पण पट्टे न जुळल्यामुळे नापास झालेला माल आजवर एकच, भावाचा. आणि माझ्याच खोलीत, दुसऱ्या कपाटात, तक्रारींची फाइल होती. कावा घेतला, दुसऱ्या दिवशीही डोकं जड राहिलं, असं लिहिणारी पत्रं दर वर्षी पाचसहा यायची. मी ती तारखेप्रमाणे लावायचो. तपासणीची फाइल एका कपाटात, तक्रारींची दुसऱ्यात, आणि दोन्हीच्या किल्ल्या माझ्या कमरेला. मला हे कधी सुचलं नाही ह्याची मला आजही चीड येते.

बरणी घेऊन आम्ही साहेबांकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतलं आणि आम्हा दोघांना बसायला सांगितलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी बरणी हातात घेऊन पाहिली. तळाशी दोन तुकडे होते. त्यांनी शांतपणे सुचवलं की नमुना संपत आलाच आहे, तो संपला असं लिहू, बाहेरून दाखल्यासह नवा मागवू, पुढचा माल नव्याशी ताडू. कुणाला काही कळायचं कारण नाही. चार महिन्यांनी निरोपाचा समारंभ आहे, त्यात भावाच्या पोत्यांची गोष्ट वाचायची असं ठरलंही आहे. मला वाटलं, ती हो म्हणेल. खरं सांगायचं तर तिने हो म्हणावं असं मला वाटलं. नाही म्हणाली तर तिचं सगळं नावच पुसलं जाणार होतं, आणि तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि भाऊ असा.

"साहेब, बरणीवर सही माझी आहे," ती म्हणाली. "ती चुकली असं मीच लिहिणार."

तिने चार पानं लिहिली. बरणी कुठून आली, जात कशी तपासली नाही, किती माल त्या आधाराने पास झाला, कोणता एक माल नापास झाला. शेवटी लिहिलं की नापास मालाच्या दुसऱ्या तपासणीचा अर्ज तपासनिसाने कारण न देता फेटाळला, नाहीतर चूक बारा वर्षांपूर्वीच उघडी पडली असती. तपासनीस म्हणजे ती स्वतः. बाहेरच्या प्रयोगशाळेने तिन्ही नमुने तपासून तेच सांगितलं. गोदामातला माल थांबवला, गिऱ्हाईकांना पत्रं गेली, दोन गिऱ्हाईकं तुटली. पुस्तिका नव्याने छापली, त्यात ते अर्धं पान नव्हतं. तिला भांडारात टेबल दिलं, जिथे बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या असतात. चिठ्ठ्या सरळ लागतायत का ते ती भिंगाने बघायची, असं लोक मागे हसून सांगायचे. मी हसलो नाही, पण त्यांना गप्पही केलं नाही.

भावाकडे आधी जा, असं मी तिला चारदा सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही. आधी कागद, मग भाऊ. आधी गेले असते तर भावासाठी लिहिलं असं झालं असतं, म्हणाली. इतकं सगळं होऊनही तिचं हे सुटत नव्हतं. मी वैतागलो, पण अहवालाला साहेबांची सही झाली त्या शनिवारी मीच तिला स्कूटरवर बसवून गोदामाकडे नेलं.

गोदाम म्हणजे पत्र्याची लांब शेड. दाराशी जमिनीत बसवलेला वजनकाटा, शेजारी एक लाकडी खुर्ची, आणि खुर्चीत भाऊ. कानावर खडू. तिच्यासारखाच बुटका, केस मात्र सगळे पांढरे. तिला बघून तो उठला नाही. बस, म्हणाला, आणि पायाने एक खोकं पुढे सरकवलं. मी दारातल्या पोत्यावर टेकलो. ऐकू येणार नाही इतक्या लांब बसायला हवं होतं, पण तशी जागा नव्हती.

तिने अहवाल त्याला दिला. त्याने चष्मा लावून चारी पानं वाचली, शेवटचं पान दोनदा. मध्ये एक हातगाडी आली, तिची पोती त्याने मोजून घेतली, भिंतीवर खडूने रेघा मारल्या आणि पुन्हा येऊन पान हातात घेतलं. मला वाटलं आता तो बोलेल ते ऐकवणार नाही. शिव्या दिल्या असत्या तरी मी कान पाडून ऐकल्या असत्या, त्यातल्या निम्म्या माझ्या वाट्याच्या होत्या.

"बरणी चुकीची निघाली होय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "निघते. मलाही लोकांनी काय काय म्हणून काय काय विकलंय. बरणीचा राग नाही माझा."

त्याने शेवटचं पान पुन्हा वर घेतलं.

"मी अर्ज केला होता."

"हो दादा."

"बाहेर पाठवायचा होता. तुझ्या हातचं काही मागितलं नव्हतं मी. फक्त बाहेर पाठव म्हटलं."

"हो."

"कुणी परका असता तर पाठवला असतास?"

"लगेच पाठवला असता," ती म्हणाली. तिने मान खाली घातली नव्हती. साक्ष द्यावी तशी सरळ बसून ती उत्तरं देत होती. "तुझा होता म्हणून नाही पाठवला. लोक म्हणाले असते, भाऊ म्हणून दुसरी संधी दिली."

भावाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला. बराच वेळ पुसत राहिला. बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं आणि ड्रायव्हरला हाका मारत होतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. त्याने पुढे जे विचारलं त्याचं उत्तर मला शब्द न् शब्द पाठ होतं. बारा वर्षं मी दुसरं काय सांगत आलो होतो?

"मग काय म्हणाले लोक?" त्याने विचारलं.

भिंगबाईने तेव्हा खाली पाहिलं.

"चांगलं म्हणाले, दादा," ती म्हणाली. "फार चांगलं म्हणाले."